पट्टी धरली

शमशेर सायकलीला चुकला तेव्हा महमूदनं त्याचा हात सोडलेला होता. एवढंच घडलं. कापडबाजाराच्या तोंडाशी महमूद विडी पेटवायला थांबला होता, शमशेर दोन पावलं पुढं काठी टेकून, हनुवटी वर करून उभा होता, आंधळी माणसं उभी राहतात तसा. आणि आडव्या गल्लीतून एक टोपीवाला सायकल दामटीत आला. घंटी नाही, ओरडणं नाही, चाकं तेल पाजल्यासारखी मुकी. महमूदचं तोंड उघडलं, पण आवाज फुटायच्या आत शमशेरनं डावा पाय मागं घेतला, खांदा आत ओढला, आणि सायकल त्याच्या सदऱ्याला वारा घालून निघून गेली. टोपीवाल्यानं वळूनही पाहिलं नाही. शमशेर पुन्हा होता तसा उभा. चेहरा कोरा. "चल की भाई," तो म्हणाला, "का थांबलास?"

महमूदनं विडी पेटवली नाही. काडी बोटापर्यंत जळत आली तेव्हा त्यानं ती फेकली, भावाचा दंड धरला आणि चालू लागला, नेहमीपेक्षा जोरात, भाऊ अडखळावा असा. शमशेर अडखळला. अडखळला की अडखळून दाखवलं? पाहिलं यानं. सायकल पाहिली. की ऐकली? काय ऐकली, दुकानांच्या फळ्या उघडत होत्या, हमाल ओरडत होते, आपल्याला डोळसाला ऐकू आली नाही ती याला ऐकू आली? पावसाळ्यापासून हा घरात बसून आहे. पावसाळ्यापासून अम्मा त्याला हातानं भरवते. आपली अम्मा, गौहर, म्हणजे भिंगारात जिच्या तोंडाला कुणी लागत नाही अशी बाई, ती या थोराड माणसाच्या तोंडात भाकरीचा घास घालते आणि पदरानं त्याची हनुवटी पुसते, आणि मग चुलीकडं तोंड करून डोळे टिपत बसते. त्या पाठमोऱ्या बसण्याला काय किंमत, जर हा पाहत असेल? अम्माची पाठ पाहत बसला असेल हा, घास चावत. हिसका देऊन विचारावं इथंच, रस्त्यात: दिसतं का तुला? पण आज नाही विचारता येत. आज तेच विचारायला लष्कराचा मेजर येणार होता, आणि उत्तर महमूदच्या तोंडून जाणार होतं.

लढाई संपली होती, लढाईची खरकटी संपली नव्हती. शमशेर ब्रह्मदेशात एका लॉरीत होता. पुढची लॉरी सुरुंगावर उडाली. त्याच्या अंगाला खरचटलंसुद्धा नाही. धुरातून चालत आला आणि म्हणाला, अंधार का पडला. दुपारची वेळ होती. लष्करी इस्पितळात डोळ्यांत दिवे मारून पाहिले, डोळे काचेसारखे साफ. मग कागदावर शिक्का बसला की हा शिपाई ढोंग करतोय असा संशय आहे. आता आंधळा ठरला तर घरी, आणि डोळस ठरला तर लष्करी तुरुंग. मधली जागा नाही. माणसाला खरं बोलायची एक संधी द्यावी, तर ती त्यांनी शमशेरला दिलीच नव्हती. त्याचं बोलणं कुणाला नकोच होतं. त्यांना यंत्र हवं होतं. आणि यंत्र महमूदच्या हातचं होतं.

हे यंत्र उंदरांचं. लढाईच्या ऐन दिवसांत नगरात, किल्ल्याच्या रस्त्याला, एका रिकाम्या बंगल्यात आगटे डॉक्टरांची प्रयोगशाळा निघाली होती. शिपायांना रात्री नीट दिसावं म्हणून त्यांच्या शिध्यात कसलं तेल घालावं, हे ठरवायचं होतं. त्यासाठी पांढरे उंदीर. काहींना तेल, काहींना नुसतं पीठ, आणि मग कुणाला किती दिसतं ते मोजायचं. उंदराला विचारणार कसं? आगटे डॉक्टरांनी ढोल केला होता. लाकडी चौकटीचा, आतून काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा. मधे स्थिर पाटावर उंदीर ठेवायचा आणि ढोल भोवती हळूहळू फिरवायचा. उंदराला पट्टे दिसत असले की त्याची मान आपोआप पट्ट्यामागं जाते, पट्टा सुटला की मागं येते, पुन्हा दुसरा पट्टा धरते. त्याच्या मनात असो नसो. न दिसणाऱ्याची मान दगडासारखी. डॉक्टर दांडा फिरवायचे आणि वरच्या झाकणाच्या भोकाला डोळा लावून महमूद पाहायचा. मान गेली की मोठ्यानं म्हणायचं "धरली", म्हणजे पट्टी धरली, नाही गेली की "सुटली". डॉक्टर मान वर न करता टिपून घ्यायचे. महमूद सातवी पास, नजर पक्की, आवाज खणखणीत, म्हणून त्याला ठेवला होता. दिवसभर धरली, सुटली, धरली. घरी जेवताना अम्मा म्हणायची, झोपेत बरळतोस रे, काय धरतोस आणि काय सोडतोस.

डॉक्टरांना या ढोलाचा लई अभिमान. कुणी पाहुणा आला की सांगायचे, "सुई नाही, चिमटा नाही. एक थेंब रक्त न काढता मी डोळ्यापासून मेंदूपर्यंतची वाट तपासतो. मुकं जनावर आहे, त्याला त्रास का द्यायचा?" आणि खरंच उंदीर उचलताना त्यांचा हात असा हलका व्हायचा की बघत राहावं. तोच हात महमूदच्या रजेच्या अर्जावर मात्र खडकासारखा पडून राहायचा. महमूदला त्या दयेचा राग यायचा. उंदरांना गव्हाचं पीठ, लोणी, तेलाचे थेंब. आणि दुष्काळी भागातून खडी फोडायला आलेली बायामाणसं त्याच रस्त्यानं संध्याकाळी एकमेकांच्या पदराला धरून जायची, कारण दिवस मावळला की त्यांना काही दिसत नव्हतं. त्यांची वाट कुणी तपासली नाही. तपासायला लागतच नव्हती, ती धडपडत होती ते साऱ्या गावाला दिसत होतं.

आणि पट्टे. पहिल्यांदा पट्टे कागदाचे होते, ते दमट हवेत सुटायचे, वाकडे व्हायचे, वाकड्या पट्ट्यामागं उंदीर जाईना. तेव्हा महमूदनंच म्हटलं होतं, माझा भाऊ विणून देईल. शमशेर माग सोडून कशाला हात लावायचा नाही तेव्हा. त्यानं बोटभर रुंदीचे काळे-पांढरे पट्टे विणले, असे की एका पट्ट्याचा सूतभर दुसऱ्यात शिरकाव नाही. सबंध ठाणच विणलं, उरलेलं पेटीत पडलं. कापड हातात घेऊन म्हणाला, "उंदराच्या घराला कापड इणणारा भिंगारात मी पयलाच." हसला होता. मग सूत मिळेनासं झालं. सारं सूत लष्कराच्या कापडाला गेलं, माग थंड पडले, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं आणि समोर रिकामी चौकट बघायची, असे दिवस आले. आणि त्याच सुमाराला भरतीवाले भिंगारात ढोलकं वाजवत आले. आधी सूत नेलं, मग विणणारा नेला, आता विणणाऱ्याचे डोळे खोटे म्हणतात. महमूदच्या डोक्यात हे असं एका ओळीत कधी आलं नव्हतं. आज आलं, आणि त्याच वेळी ती सायकल त्या ओळीवरून गेली. रागावं तर कुणावर? राग एका तोंडाचा राहिना.

बंगल्याच्या ओसरीवर कडूबाई पिंजऱ्यांतला भुसा बदलत होती. तिसगावकडची बाई, तोंडाची तिखट. शमशेरला पाहून तिनं बाकावरचं फडकं उचललं. "बसा शिपायी, हितं बसा. आज तुमाला उंदराच्या पाटावर बसवणार म्हनं."

"पाट मोठा हाय ना?" शमशेर म्हणाला.

"लई मोठा क्येलाय. सुताराकडनं ढोल आनलाय, त्यात लगीन लागंल." मग भुशाची पाटी कडेला ठेवत ती महमूदकडं वळली. "आन् भाऊ, तुमचं थोबाड का सुजलंय सकाळच्या पारी?"

महमूद सरळ आत गेला. आत मधल्या खोलीत नवा ढोल उभा होता, माणूस आत बसेल एवढा, आणि त्याला आतून शमशेरचंच उरलेलं कापड ताणून बसवलेलं. दहा दिवसांपूर्वी डॉक्टर चहाचा पेला हातात घेऊन म्हणाले होते, "माणसालाही हेच लागू आहे रे. मान बांधली तर डोळे जातात पट्ट्यामागं. ढोंगी माणूस जीभ दाबेल, डोळे नाही दाबू शकत. मेजरसाहेब फार खूश झाले." मग पेला ठेवून, "तुझाच भाऊ आहे म्हणे त्यांच्या यादीत. तुला चालेल ना? तुझ्याशिवाय दुसऱ्याचा शब्द मी धरणार नाही." चालेल ना. जसं काही नाही म्हणायची सोय होती. पण त्याच क्षणी महमूदला वाटलं होतं की दार उघडलं. भोकाला डोळा आपला. बाकी कुणाला आतलं दिसत नाही. आपण म्हणायचं "सुटली". शेवटपर्यंत सुटली. खोटं तर खोटं. उंदरांच्या बाबतीत कधी खोटं बोललो नाही, ती सगळी पुण्याई या एका शब्दाला लावू. त्या रात्री त्याला बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली होती.

पण त्याला ती उंदरी आठवत होती. कडूबाई तिला आंधळी म्हणायची. पिंजऱ्यातून पडली होती, डोक्यावर, जगली. ढोलात ठेवली की मान अशी जायची की महमूदनं न पाहता धरली म्हणावं. आणि पिंजऱ्यात गेली की समोरचं पिठाचं भांडं तिला सापडायचं नाही, भिंतीवर नाक आपटायची, पाण्यात पाय घालून बसायची. कडूबाई तिच्या तोंडाशी पीठ धरायची. "हिला दिसतंय न्हाई का दिसतंय, ते तुमच्या ढोलाला इचारा," म्हणायची. महमूदनं एकदा डॉक्टरांना तिचं भांडं, तिची भिंत, सगळं दाखवलं. त्यांनी कौतुकानं पाहिलं, बोटानं तिचं डोकं कुरवाळलं. "वाट शाबूत आहे," ते म्हणाले. "वाटेच्या टोकाशी घरात कुणी आहे की नाही, ते आपण मोजत नाही. ते आपलं काम नाही." आणि टिपणात लिहिलं: दृष्टी उत्तम. पुढं ती भांड्यापासून वीतभरावर उपाशी मेली, कडूबाई आजारी होती त्या आठवड्यात.

सायकल दिसण्याच्या आधी महमूदनं हे शंभरदा मनात घोळवलं होतं. शमशेर त्या उंदरीसारखा. वाट शाबूत, घर रिकामं. घरी त्यानं पाहिलं होतं: तवा चुलीवरून उतरवलेला, तापलेला, आणि शमशेरनं त्याच्यावर पंजा टेकला होता, सबंध, जमीन समजून. चर्र आवाज झाल्यावर हात उचलला. कुठला ढोंगी असं करील? अम्मानं तुपाची पट्टी बांधली तेव्हा तो म्हणाला होता, "बरं झालं, तवा हाय तेवढं तरी कळलं." हे खरं. आणि आज सकाळची सायकल हीही खरी. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींचा गळा धरून होत्या आणि महमूदला एकच आवाज ऐकू येत होता: यानं तुला फसवलं. अम्माला फसवलं. तू याच्यासाठी खोटं बोलायला निघालास आणि हा तुलाही सांगत नाही.

मेजर जीपमधून आला. गोरा, उंच, नाकावर ऊन लागून सोललेला, आणि त्याच्याबरोबर एक शीख पहारेकरी. मेजरनं ढोलाभोवती एक चक्कर मारली, पट्ट्यांवरून बोट फिरवलं, डॉक्टरांना इंग्रजीत काही विचारलं. डॉक्टरांनी महमूदकडं बोट दाखवलं. मेजरनं महमूदकडं पाहिलं, चांगल्या हत्याराकडं पाहावं तसं, आणि मान हलवली. शमशेरला आत बसवला. कपाळाला आणि हनुवटीला चामड्याच्या पट्ट्या बांधल्या, मान हलू नये म्हणून. बांधताना डॉक्टर म्हणाले, "दुखत नाही ना? दुखलं तर सांग." शमशेर म्हणाला, "न्हाई साहेब." मग त्याचा हात हवेत थोडा चाचपडला आणि कापडाला लागला. बोटं थबकली. त्यानं अंगठा आणि तर्जनी यांच्यामधे कापड चोळलं. "हे माझं हाय," तो म्हणाला.

महमूद गुडघ्यावर बसला. या ढोलाचं भोक खाली, न फिरणाऱ्या चौकटीत, समोरून होतं. डोळा लावला तर भावाचे दोन्ही डोळे सरळ समोर, हातभरावर. इतक्या जवळून त्यानं शमशेरचे डोळे कधी पाहिले नव्हते. अम्माचे डोळे. पिवळट पांढऱ्यावर तपकिरी, आणि आत कुठंतरी खिडकीचा लहानसा चौकोन. म्हणायचं सुटली. जीभ टाळ्याला लावून तयार ठेवली होती. डॉक्टरांनी दांडा धरला. खट, खट, खट. ढोलाची दातरी चाकं फिरू लागली, आणि तो आवाज मागाचा होता, हुबेहूब, लहानपणी झोप लागताना ऐकलेला, एक भाऊ मागावर आणि एक भाऊ वाकळेत. पट्टे सरकू लागले, काळा पांढरा काळा पांढरा, आणि शमशेरचे डोळे हलले. हळूच एका पट्ट्याबरोबर गेले, कडेपर्यंत, आणि झटक्यानं मागं आले. पुन्हा गेले. चेहरा मेलेला, ओठ मिटलेले, आणि फक्त डोळे चालत होते, सुरेख, कुठलाही उंदीर गेला नसेल इतके नेमके, पट्टा धरत, सोडत, धरत.

"धरली," महमूद म्हणाला.

खणखणीत. खोलीभर. त्याला आधी वाटलं दुसरंच कुणी म्हणालं.

दांडा थांबला. डॉक्टरांनी लिहिलं. मेजरनं शब्दाचा अर्थ विचारला आणि डॉक्टरांनी सांगितला. महमूद भोकाला डोळा लावून तसाच होता. ढोल थांबला तसे आतले डोळेही थांबले होते आणि आता सरळ त्याच्या डोळ्याकडं पाहत होते, किंवा पाहत नव्हते. तोंडाला सवय होती. पाच वर्षं तोंड हेच म्हणत आलं; मान गेली की धरली, विचार करायला मधे जागाच ठेवली नव्हती. सवय. की सकाळचा राग, टाळ्याला लावलेल्या जिभेमागं दबा धरून बसलेला? दोन्हींतलं कुठलं बोललं, हे त्याला त्या क्षणी कळलं नाही आणि पुढं कधीही कळणार नव्हतं. ते मोजायला ढोल नव्हता.

"साहेब," तो उठला. "साहेब, ती उंदरी. आंधळी. तिची पण मान जात होती. भांडं दिसत नव्हतं तिला. तुम्हीच म्हणाला होता, टोकाशी घरात कुणी..."

"महमूद."

"तुम्ही सांगा त्यांना. तुम्हाला ठाऊक आहे. दिसतं आणि दिसत नाही, दोन्ही असतं. तव्यावर हात ठेवला यानं, हात बघा त्याचा, पंजा बघा. सांगा त्यांना इंग्रजीत."

मेजरनं भुवया वर करून डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर हलकेच हसले, पाहुण्यासमोर घरचं माणूस वेडंवाकडं बोललं की हसतात तसे, आणि इंग्रजीत एकच वाक्य म्हणाले. मेजरही हसला. त्यात 'रॅट' एवढा एक शब्द महमूदला कळला.

चामड्याच्या पट्ट्या सोडल्या. शमशेर बाहेर आला, सदरा नीट केला, काठी मागितली. पहारेकऱ्यानं ती दिली, आणि थोडा बाजूला झाला; त्यालाही भाऊ असेल कुठंतरी. महमूद जवळ गेला.

"तुझा आवाज चांगला हाय भाई," शमशेर म्हणाला. "मागावरसुद्धा ऐकू आला असता."

"शमशेर, मी सुटली म्हणणार होतो. अम्माची शपथ."

"सकाळपासनं तू बोलला न्हाईस. सायकलीपासनं. सायकलच होती ना ती?"

महमूदनं त्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"वारा लागला म्हणून कळलं काहीतरी गेलं. पाय आधीच मागं आल्ता. कुणी घेतला, मला म्हाईत न्हाई. मी तेव्हापासनं तेच इचारतोय स्वतःला. म्हटलं, भाईला इचारावं. पण तू लई जोरात चालत हुतास."

"इचारायचं की रे."

"तू इचारायचं," शमशेर म्हणाला. आवाज चढला नाही. "तुला दिसत हुतं."

पहारेकऱ्यानं त्याच्या दंडाला हात लावला. शमशेर वळला, दाराच्या दिशेनं चालला, काठी पुढं टाकत. आणि अर्धवट उघडं दार, त्याची कड, काठीच्या एका बाजूनं निसटली आणि सरळ त्याच्या भुवईवर आली. ठक्कन आवाज झाला. भुवईतून रक्ताची रेघ ओठांवरून हनुवटीवर आली. मेजरनं डॉक्टरांकडं पाहत दोन टाळ्या वाजवल्या, हलक्या, नाटकात वाजवतात तशा. डॉक्टर मात्र हळहळले. उंदरांच्या कपाटातून त्यांनी कापसाचा बोळा काढला आणि स्वतःच्या हलक्या हातानं शमशेरच्या भुवईवर दाबला. ओसरीवर कडूबाईनं भुशाची पाटी खाली आपटली आणि मेजरच्या तोंडावर म्हणाली, "त्या उंदरीला निदान मी पीठ तरी चारत हुते. ह्याला कोन चारंल तुमच्या तुरुंगात?" मेजरला ते कळलं नाही. जीप सुरू झाली. शमशेरनं मागं वळून पाहिलं नाही, कारण कशाला पाहायचं.

डॉक्टर आत आले, हात धुतले, म्हणाले, "आज घरी जा तू. उद्या ये." आणि आपल्या खोलीत गेले. महमूद गेला नाही. अम्मा चुलीपाशी बसली असेल, भाकरी झाकून. तो ढोलात शिरला. शमशेर बसला होता त्या पाटावर पाय रोवून त्यानं कापडाची वरची कड दोन्ही मुठींत धरली आणि फाडायला ओढली. कापड फाटेना. त्यानं सगळं अंग घालून ओढलं, नखं उलटली, बोटांच्या पेरांतून कळ गेली. कापड नुसतं ताणलं गेलं आणि तसंच्या तसं मागं बसलं, एक धागा उसवला नाही, एक पट्टा वाकडा झाला नाही. शमशेरच्या हातचं. त्याच्या ओढण्यानं ढोलच फिरू लागला, खट, खट, आणि सभोवार काळं पांढरं काळं पांढरं सरकू लागलं, आणि महमूदला कळलं की आपले डोळे गेले, एका पट्ट्याबरोबर कडेपर्यंत गेले आणि झटक्यानं मागं आले. त्याला ते थांबवता येईना. जीभ टाळ्याला लागली, शब्द तोंडात तयार झाला. त्यानं कापडाची कड तोंडात कोंबली आणि दात घट्ट आवळले.